थंड धूर

१

केसरीनाथ भोईर मेला आणि त्याच्या मांडीवरचं कासव जिवंत निघालं. माणूस मेल्याचं तळ्याच्या पाड्याला फारसं नवल नव्हतं. पडघ्याच्या हमरस्त्यावर ट्रकखाली कोणी ना कोणी जातच असतं. नवल होतं ते कासवाचं.

विहिरीच्या पाण्यालगतच्या पायरीवर भिंतीला पाठ टेकून तो बसला होता, दुपारची डुलकी लागावी तसा. अंगावर ओरखडा नाही, पोटात पाणी नाही, आणि पंच्यात गुंडाळलेलं, त्यानं विहिरीत पाळलेलं कासव मांडीवर पाय हलवतंय. गाव म्हणालं, कंपनीनं मारला. कंपनी म्हणाली, हृदयविकार. पोलिसांनी 'आकस्मिक मृत्यू' लिहिलं आणि चहा पिऊन गेले. मग डॉक्टरांनी 'गुदमरून मृत्यू' असं म्हटलं आणि कंपनीचा विमा उतरवणारे जागे झाले. त्यांनी माजिदा बुबेरेला पाठवलं.

माजिदा विम्याची सर्व्हेअर. भिवंडीत गोदामं जळतात. सुताचं, रंगाचं, पुठ्ठ्याचं, ज्याचा धंदा बसला त्याचं गोदाम नेमकं दिवाळीच्या तोंडावर जळतं. आग लागली की लावली, हा एकच प्रश्न ती आयुष्यभर राखेत उकरत आली होती, आणि खरं उत्तर दिल्याबद्दल आजवर कोणी तिला पेढा दिला नव्हता.

इथे राख नव्हती. पाड्यामागच्या माळावर 'नीलगर्भ' नावाच्या कंपनीनं एक खोल बोअर मारला होता. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड टँकरनं आणायचा, दाबून त्या बोअरमधून खालच्या काळ्या कातळात ढकलायचा, तिथे तो हळूहळू दगड होऊन बसेल, असा तो प्रयोग. पहिल्याच सभेत कंपनीच्या माणसानं गावाला सोपं करून सांगितलं होतं, "चिमणीचा धूर आम्ही जमिनीत गाडतो." तेव्हापासून गाव त्या गॅसला धूरच म्हणत आलं. मोर्चाच्या फलकावरही तेच होतं: आमच्या जमिनीत धूर नको.

शुक्रवारी तहसीलमध्ये सुनावणी होती. गॅस बोअरमधून विहिरीत शिरला असं ठरलं, तर काम कायमचं बंद. नाही ठरलं, तर टँकर पुन्हा सुरू. दोन्ही बाजूंनी माजिदाचा शब्द मानायचं कबूल केलं होतं. दोघांपैकी कोणीच तिला नीट ओळखत नव्हतं, म्हणून.

२

केसरीनाथची बायको कमळा ओसरीवर बसली होती. रडून झालं होतं, आता फक्त राग उरला होता.

"बस, बाय. पाणी घे आधी."

पाणी गार होतं, जिभेला जरा मिरमिरलं. माजिदानं अंगणातल्या हापशाकडे पाहिलं. त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, पुढे नारळाची करवंटी पडली होती, आणि कोणी हात न लावता तोटीतून पाणी गळत होतं.

"दर उन्हालीला सुकतो तो," कमळा म्हणाली. "औंदा न हापसता वाहतंय. देव पावला, बोलले सगले. देव कसला पावतो! पानी दिला नि मानूस नेला."

हापशाचं पाणी पलीकडच्या सिमेंटच्या टाकीत पडत होतं. टाकीच्या काठावर ते कासव मान वर काढून बसलं होतं.

"मनोजनी आनून सोडलाय. बावीतले बारके मासं पन आनले, त्याला सोबत होवी म्हनून." बाव म्हणजे विहीर; मनोज तिचा मुलगा, गावाच्या मोर्चाचा पुढारी. "पन ह्यो पान्यात ठरतच न्हाय. मालकाची आठवन येत आसंल."

"त्या दिवशी काय झालं, वहिनी?"

"सकालचं बावीवर गेलं. पलत आलं नि बोंबललं, 'कमले, बावीतून धूर येतंय! थंड धूर!' मी बोल्ली, कंपनीचा धूर आसंल, उतरू नको. ते बोललं, माजा कासव मरंल." कमळानं पदर तोंडाशी धरला. "ते परत धावलं, मी आंगनातून हाका मारीत ऱ्हायली. सायेब पाहनीला यायचे व्हते, मना वाटलं त्यांची वाट बघत थांबलं आसंल, पन उतरलं नि बसलं तिथंच."

"थंड धूर? हाच शब्द?"

"मी खोटं कंला बोलू?"

ती चुलीकडे वळली. डाळ चढवलेली होती, टोपाच्या आत पांढरा थर धरला होता. "शिमग्यापासनं डाल शिजत न्हाय बघ. शिजवून शिजवून जीव जातं." बाजूला जाड थर्माकोलची एक पेटी होती. तिच्यात सुकट ठेवलेली. पेटीवरचा स्टिकर नखांनी खरवडून काढला होता, अर्धा उरला होता.

निघताना कमळानं तिचा हात धरला. "कंपनीनी मारला, यवढं लिव. म्हंजे ते भोक बुजंल. माजा मानूस फुकट गेला न्हाय, असं तरी मना वाटू दे."

असा कोणी हात धरला की माजिदाला नेहमी हात सोडवून घ्यायची घाई होई. या वेळी ती तशीच उभी राहिली.

३

विहीर गावाच्या पश्चिमेला, बोअरपासून खाडीच्या अंगाला. मनोज दाखवायला आला. भिवंडीकडच्या एका शीतगोदामात तो शिफ्ट इनचार्ज होता. आइस्क्रीमचे डबे पॅक करून शहरभर पाठवायचं काम. डोळे तारवटलेले, आवाज बसलेला.

"तहसीलचे नि कंपनीचे साहेब लोक सकाळी येणार होते, मॅडम. पाहणीला. मी पडघा नाक्यावर उभा, त्यांना आणायला. आले ते जेवून, दुपारी."

"आणि तुम्ही सगळे इथे पोचलात तेव्हा?"

"बाबा खाली दिसले."

सोबत कंपनीचा साइट मॅनेजर प्रितम होता. गुळगुळीत दाढीचा, गुळगुळीत बोलणारा. त्यानं लगेच पुस्ती जोडली, "मनोजभाऊंचं कौतुक करायला हवं, मॅडम. काठावरून बघितलं तर आम्हाला वाटलं म्हातारा झोपलाय. पण हे त्याआधीच, जीप थांबायच्या आत ओरडले होते, 'कोणी उतरू नका, खाली हवा न्हाय!' नाहीतर आमचा एक माणूस गेलाच होता."

"जीपमधूनच ओरडले?"

"हो ना."

मनोज विहिरीत बघत राहिला. माजिदानं ते मनात ठेवलं.

मोजणी करून, खाली हवा आहे याची खात्री झाल्यावर ती पायऱ्या उतरली. पाणी उन्हाळ्यातलं नेहमीचं, तळाशी गेलेलं. भिंतीवर जुन्या पातळ्यांच्या रेघा कोरड्या खडखडीत. पाण्यात आरोग्य खात्यानं डासांसाठी सोडलेले गप्पी मासे मजेत फिरत होते. एका बाजूला नेचे वाढले होते, आणि त्यांचा एक पट्टा वरपासून खालपर्यंत काळा पडला होता.

जळलेलं तिनं जन्मभर पाहिलं होतं. जळलेलं पान कडक होतं, हातात चुरतं, बोटांना काजळी लागते. हे पान मऊ होतं, गळालेलं, फ्रीजरमध्ये विसरलेला पालक बाहेर काढावा तसं. पायरीच्या कोपऱ्यात शेवाळ पांढरं पडून पापुद्र्यासारखं सुटलं होतं.

तिनं वर पाहिलं. काठावर दोघं वाकून उभे होते. प्रितमच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती. मनोजच्या चेहऱ्यावर भीती.

४

क्षितिजा ही प्रयोगाची शास्त्रज्ञ. पुण्याची, तिशीतली, कंटेनरच्या केबिनमध्ये एकटी. माजिदाला बघून तिनं पडद्यावरचा नकाशा घाईनं मिटला.

"तो गॅस खाली गेल्यावर करतो काय, ते मला सांगा," माजिदा म्हणाली. "बारावी कॉमर्सला कळेल असं."

क्षितिजा पहिल्यांदा हसली. "कातळ एकसंध नसतो. थर असतात, त्यांच्यात भोकं, भेगा. भेगांत आधीच पाणी भरलेलं असतं. गॅस इतका दाबलेला असतो की तो पाण्यासारखा वाहतो, पण पाण्याहून हलका. म्हणून वरवर सरकत राहतो, तेलासारखा."

"वर म्हणजे सरळ वर?"

"नाही, सरळ वर घट्ट थर आहे, तो अडवतो. मग त्या थराच्या खालून, चढाच्या दिशेनं. इथले थर खाडीकडे उतरतात. म्हणजे पश्चिमेला उतार, पूर्वेला चढ."

"आणि आधीचं पाणी?"

"ते पुढे ढकललं जातं."

"शेअर रिक्षात मागून चौथा घुसला की पहिला बाहेर पडतो, तसं."

"अगदी तसं. गॅस पोचायच्या कितीतरी आधी पाणी चढतं. मग ते आंबूस होतं, दगडातला चुना वगैरे विरघळवून घेतं, जड होतं. आणि सगळ्यात शेवटी गॅस."

"तो दिसतो?"

"कार्बन डायऑक्साइड? छे. त्याला रंग नाही, वास नाही. धूर म्हणतात गावातले, पण तो काही धूर नाही."

सगळं प्रकरण त्या एका शब्दात बसलं होतं, आणि तिला ते आवडलं नाही.

"मग विहिरीत गॅस तुमच्या बोअरमधून आला असता, तर तो उतारानं खाली गेला असता, पाणी न चढवता, मासे न मारता, आणि वर दिसलाही असता."

"अशक्य आहे." क्षितिजाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. तो का पडला, हे माजिदानं विचारायच्या आत प्रितम दारात आला.

"म्हणजे आम्ही सुटलो?"

"विहिरीपुरते," माजिदा म्हणाली. "निरीक्षणाचे बोअर कुठे कुठे आहेत तुमचे?"

"सगळे पश्चिमेला. उत्तम जागा मिळाली."

"गॅस जातो पूर्वेला, आणि पहारा पश्चिमेला?"

"पूर्वेची जमीन गोदामवाल्यांची आहे, मॅडम. ते भोक पाडू देत नाहीत."

क्षितिजा टेबलाकडे बघत म्हणाली, "मी दोनदा मागितला होता एक बोअर पूर्वेला." प्रितमनं तिच्याकडे पाहिलं आणि ती पुढे बोलली नाही.

केसरीनाथचं घर पूर्वेला होतं. माजिदाच्या जिभेवर ते पाणी पुन्हा मिरमिरलं.

५

मनोज विहिरीच्या काठावरच सापडला. ती शेजारी बसली. राग यायला हवा होता, पण पोराचा चेहरा बघून तो येईना.

"तुमच्या गोदामात आइस्क्रीमबरोबर पेटीत काय घालतात रे?"

मनोज काठावरचा एक खडा बोटांत चोळत राहिला.

"मी सांगते. ड्राय आइस. तुमचे भैये सूखा बर्फ म्हणतात त्याला. विरघळून पाणी होत नाही, गॅस होतो. पाण्यात टाकला की भसाभसा पांढरं धुकं निघतं, थंडगार. तुझ्या आईच्या चुलीपाशी त्याचीच पेटी आहे. स्टिकर खरवडलास, पण पेटी फेकवली नाही. चांगली पेटी कोण फेकतं! नेच्यांवरून तुकडे घरंगळले तिथे पानं गारठून मेली. एक तुकडा पायरीवर अडकला, तिथलं शेवाळ सोललं."

"मॅडम..."

"खरा गॅस दिसत नाही, मनोज. तुम्ही त्याला धूर म्हणत आलात, म्हणून तू धूर केलास. साहेबांना विहिरीतून धूर निघताना दाखवायचा होता. आणि खाली हवा नसणार हे, विहिरीत बघायच्या आधीच, फक्त एकाला माहीत होतं."

मनोजनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"सकाळी येतो बोलले होते ते," अखेर तो म्हणाला. "सकाळी आले असते तर धूर बघून गेले असते, मग मी बावीला फळी लावणार होतो. बाबा त्या टायमाला कधी बावीवर जात न्हाईत. त्यादिवशीच... मी त्यांना सांगितलं न्हाय. ते खोटं बोलू शकत न्हाईत. साहेबांनी इचारलं असतं तर सगळं ओकले असते. म्हणून न्हाय सांगितलं."

आणि केसरीनाथनं पोराच्या धुरावर विश्वास ठेवला. कंपनीचा धूर कासवाला मारील म्हणून म्हातारा उतरला. कासव श्वास कोंडून तासन्‌तास राहू शकतं. माणूस नाही. माजिदाला हे मोठ्यानं म्हणायची गरज नव्हती. मनोज तेच पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत होता.

"का केलंस पण?"

"कारण धूर येतोय, मॅडम! आमच्या हापशाला येतोय. पाणी चढलंय, डाळ शिजत न्हाय, पोरं बोलतात सोडा लागतो. मी अर्ज केले. यांचा माणूस आला, बादलीत पाणी काढलं, बोलला गाळ खाली बसू दे. जेवून आला, मग बाटलीत भरलं. रिपोर्ट आला, पाणी चांगलं आहे."

माजिदानं डोळे मिटले. बादलीत उघडं ठेवलेलं पाणी. गाळ खाली बसला आणि गॅस वर उडाला. पोराला त्यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, फक्त कोणी ऐकत नाही एवढं ठाऊक होतं. जे खरं होतं त्याचा पुरावा म्हणून त्यानं खोटं रचलं, तेही चुकीच्या विहिरीत, चुकीच्या दिशेला. आणि बाप गमावला.

"आईला सांगू नका," तो म्हणाला.

"शुक्रवारी सांगावं लागेल. सगळ्यांसमोर."

तिनं तसं म्हटलं, पण घरी जाताना रिक्षात ती एकच गोष्ट घोकत होती. एक वाक्य लिहायचं, 'गॅस बोअरमधून आला.' टँकर कायमचे थांबतील, हापसा वाचेल, पोरगा वाचेल. आजवर तिनं एकदाही लावलेल्या आगीला लागलेली म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर आज कामतघरात तिचा स्वतःचा बंगला असता, हा विनोद ती नेहमी करायची. आज हसू आलं नाही.

६

शुक्रवारी तिनं दोन्ही गोष्टी सांगितल्या. विहिरीतला गॅस बोअरचा नव्हता, तो मनोजनं टाकलेल्या सुक्या बर्फाचा होता. आणि बोअरचा गॅस पूर्वेला निघाला आहे, हापशात पोचला आहे, टँकर पुन्हा सुरू करू नका.

पहिल्या गोष्टीला सुनावणी घेणाऱ्या तहसीलदार साहेबांनी मान डोलावली. दालनात मागे बसलेल्या कमळानं मान वळवून मुलाकडे पाहिलं. ती ओरडली नाही. मनोज जागचा उठला आणि दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाकडे स्वतःच चालत गेला.

दुसऱ्या गोष्टीसाठी माजिदानं हापशाचं पाणी थंड पेयाच्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून आणलं होतं. शिपायानं ती घेतली, बूच उघडून हुंगली आणि टेबलावर तशीच ठेवली. साहेब जेवायला उठले. परत आले तेव्हा बाटलीतल्या पाण्यात एक बुडबुडा नव्हता.

"साधं पाणी दिसतंय," साहेब म्हणाले.

"जड झालंय ते, साहेब. उकळून बघा, टोपाला पांढरा थर धरतो."

"तो आमच्या घरीही धरतो, मॅडम."

कंपनीचा वकील उठला. फार काही बोललाच नाही तो. "ज्या गावानं धूर बनवला, ते गाव सोडाही बनवू शकतं," एवढंच म्हणाला, आणि सगळे हसले. मग त्यानं क्षितिजाला विचारलं, "पूर्वेला तुमच्या एकाही निरीक्षणात गॅस आढळला का?"

क्षितिजानं प्रितमकडे पाहिलं, माजिदाकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. खरंच बोलली. जिथे बघितलंच नव्हतं तिथे आढळणार काय? पण तो प्रश्न कोणी विचारला नाही, आणि विचारल्याशिवाय उत्तर द्यायची तिची हिंमत झाली नाही. माजिदा ओरडली की पूर्वेला बोअरच नाही. साहेबांनी हात वर केला. विमा कंपनीनं तुम्हाला विहिरीबद्दल विचारलं होतं, ते तुम्ही उत्तम सांगितलंत, धन्यवाद.

टँकर सोमवारपासून सुरू झाले.

आठवड्यानं माजिदा पाड्यावर गेली. कशाला गेली, तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. कमळा टाकीपाशी बसली होती. हापशाचं पाणी आता धो धो वाहत होतं. टाकीत विहिरीतून आणलेले गप्पी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

"मनोजला भेटायला गेलती," कमळा म्हणाली. "जेवत न्हाय." मग ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तू खोटं लिवलं असतंस तर तेच खरं झालं असतं, बाय."

आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपण चूक केली. आणि तरीही पुन्हा वेळ आली असती तर तिनं तेच लिहिलं असतं. याचा तिला फार राग आला.

"हे पाणी पिऊ नका, वहिनी."

"मंग कुठलं पिऊ? बावीतलं?"

कासव टाकीच्या भिंतीला नखं लावून धडपडत वर आलं आणि काठावर मान ताणून बसलं. कमळानं त्याला दोन्ही हातांनी उचललं, पदरानं पुसलं आणि हळूच पाण्यात सोडलं. ते पुन्हा वर चढू लागलं.